रामल्लातील क्वेकर भेटी : समज आणि वस्तुस्थिती

संघर्षग्रस्त प्रदेशात क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी जातात ती धर्मांतरासाठीच, हा समज जुना असला, तरी पॅलेस्टाइनमधील रामल्लाचे उदाहरण तपासले की तो टिकत नाही. १८६९ मध्ये एली आणि सिबिल जोन्स हे अमेरिकन क्वेकर दांपत्य तेथे गेले असता एका स्थानिक तरुणीने मुलींसाठी शाळा मागितली, आणि त्यातून उभी राहिलेली शिक्षणसंस्था आजही चालू आहे. त्या काळच्या मिशनकार्यात धर्मप्रचाराचा हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सहधर्मीयांची विचारपूस करण्यासाठी होणाऱ्या भेटीची रीत अगदी वेगळी आहे. भेटीला जाण्याची एखाद्याची तळमळ त्याची स्वतःची सभा, म्हणजे त्याच्या गावची क्वेकर मंडळी, आधी पारखते आणि पटली तरच लेखी पत्र देते; यजमान सभा त्या पत्रावर आपला शेरा लिहिते आणि परतल्यावर ते मूळ सभेपुढे ठेवले जाते. रामल्लाच्या १९१० मधील सभागृहात पाहुणा येतो तो तेथील पॅलेस्टिनी क्वेकरांसोबत मौन उपासनेला बसण्यासाठी आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी. १९४८ च्या युद्धात याच वास्तूने निर्वासितांना आसरा दिला, आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून गाझात मदतकार्य करणाऱ्या अमेरिकन क्वेकर संस्थेने बहुसंख्य मुस्लिम निर्वासितांना अन्न देताना धर्माची कोणतीही अट घातली नाही.