पॉवरलूम (शब्द)

पॉवरलूम म्हणजे यंत्रशक्तीने चालणारा माग. 'पॉवर' आणि 'लूम' मिळून झालेला हा इंग्रजी जोडशब्द मराठीत यंत्रमाग म्हणून लिहिला जातो. सोलापूरच्या पूर्व भागात मात्र बोलताना 'लूम' एवढेच पुरते.

गंमत अशी, की 'लूम' हा शब्द मुळात मागाचा नाहीच. जुन्या इंग्रजीतला 'गेलोमा' म्हणजे कोणतेही अवजार किंवा घरातले भांडेकुंडे. पुढे तो अर्थ आक्रसत विणकराच्या अवजारापुरता उरला. जुना अर्थ 'एअरलूम'मध्ये टिकून आहे: वारशाने आलेली वस्तू, मग ती खुर्ची असो की घड्याळ. सोलापुरात बापाचा माग मुलाकडे आला, तर दोन्ही अर्थ एकाच वस्तूला लागू पडतात.

'पॉवर' लॅटिनमधल्या 'शकणे' या अर्थाच्या क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. एडमंड कार्टराइट या इंग्रज धर्मोपदेशकाने १७८५ मध्ये अशा मागाचे पहिले पेटंट घेतले, तेव्हा विजेचा प्रश्नच नव्हता; कारखान्यांतली पॉवर म्हणजे पाण्याचे चाक किंवा वाफेचे इंजिन. आज सोलापुरात पॉवर म्हटले की वीजच डोळ्यांसमोर येते.

या शक्तीने माणसाची तीन कामे घेतली: उभे धागे वर-खाली करून वाट उघडणे, त्या वाटेतून आडवा धागा वाहून नेणारा धोटा फेकणे आणि आडवा धागा फणीने ठोकून बसवणे. तुटलेल्या धाग्याला गाठ मारणे कामगाराकडेच राहिले.

मराठी प्रतिशब्दाने 'पॉवर' गाळून 'यंत्र' घेतले. काटेकोर पाहिले तर हे थोडे ढिले भाषांतर आहे, कारण हाताने चालणारा मागही यंत्रच. फरक चालवणाऱ्या शक्तीचा आहे. पण शब्द रुळला. शिवाय नुसत्या मागाला 'हात' जोडून हातमाग म्हणण्याची गरजही या नव्या मागामुळेच पडली.

'माग' या शब्दाला शेजारच्या भाषांत भावंडे आहेत: कन्नडमध्ये मग्ग, तेलुगूत मग्गम. सोलापूरचे बरेचसे विणकर तेलंगणातून आलेले, पद्मशाली या विणकर समाजाचे. त्यामुळे इथे एकाच वस्तूला घरात मग्गम, कारखान्यात लूम आणि सरकारी अर्जावर यंत्रमाग अशी तीन नावे चालतात.