शंका घेणारी कविता आणि 'सगळे सारखेच' म्हणणारी कविता

इंदूरच्या मराठी वस्त्यांत गणेशोत्सवात काव्यवाचनाचा कार्यक्रम ठरलेला असतो. देवाधर्मावर आणि राजकारणावर कडाडून बोलणाऱ्या कविता तिथे भरपूर येतात आणि त्या सगळ्यांना आपण सरसकट 'बंडखोर' म्हणून मोकळे होतो. मला हे पटत नाही. त्यात दोन अगदी वेगळ्या जातीच्या कविता असतात. एक शंका घेते. दुसरीचा कशावरच विश्वास उरलेला नसतो.

दुसरीचा नमुना मीच रचून दाखवतो:

देव असो की दिल्ली असो,
सगळीकडे दुकान असतं;
इथे प्रसाद, तिथे पगार,
गिऱ्हाईक मात्र हैराण असतं.

याला टाळी पडणारच. यमक जुळलंय आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपण गिऱ्हाईक आहोत, दुकानदार नाही, असं वाटतं. आता शंकेची कविता:

आजीने नवस फेडला,
एकशे एक रुपये.
दानपेटीवर पार्षदाचं नाव आहे.
देवा, तुला कुणाचे पोचले?

विषय तोच, श्रद्धा आणि सत्ता. पण इथे एक आजी आहे, एक रक्कम आहे, एका पेटीवर एका पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, नाव आहे. मुख्य म्हणजे प्रश्न कुणालातरी विचारलाय आणि उत्तराची वाटही पाहिलीय. उद्या पेटीवरचं नाव पुसलं तर ही कविता बदलावी लागेल. दुकानाच्या कवितेला जगात काहीही घडलं तरी फरक पडत नाही. तिला सगळं आधीच माहीत असतं.

आपल्याकडे या शंकेची परंपरा फार जुनी आहे आणि ती भक्तीच्या आतूनच आलेली आहे. तुकोबांनी 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल' असं म्हणून ठेवलंय. एवढीच ओळ वाचली तर हा माणूस संपूर्ण नास्तिक झाला असं कुणालाही वाटेल. पण पुढे तो देवाशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, दोघांचं नातं तुटलं, असं सांगतो. हे भांडण आहे, आणि भांडायला समोर कुणीतरी असावं लागतं. नामदेवही 'पतितपावन' हे नाव ऐकून दारात येतात आणि तू तसा नाहीस म्हणून माघारी निघतात. दिलेला शब्द पाळला नाहीस, एवढीच तक्रार. ढोंगी साधूंवरच्या अभंगातही तुकोबा राख फासून डोळे झाकून पाप करणाऱ्यांना धरतात. 'साधू म्हटला की लबाडच' असं ते म्हणत नाहीत.

राजकारणाच्या बाजूला माझ्या डोळ्यांसमोर गजानन माधव मुक्तिबोध येतात. घर मराठी, शिक्षण इथल्या होळकर कॉलेजात, कविता मात्र हिंदीत. १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. कडवट व्हायला कारणं कमी नव्हती. तरी 'अंधेरे में' या दीर्घ कवितेत ते सत्तेला जाब विचारता विचारता स्वतःच्या आदर्शवादी मनालाच धरतात: 'अब तक क्या किया, जीवन क्या जिया!' मला हा सगळ्यांत मोठा फरक वाटतो. शंका घेणारा स्वतःलाही सोडत नाही. 'सगळे चोर' म्हणणाऱ्याच्या 'सगळे'मध्ये तो स्वतः कधीच नसतो.

सीमेवरच्या कविताही असतात. विंदा करंदीकरांची 'सब घोडे बारा टक्के' घ्या. मवाळ आणि जहाल, सफेद आणि लाल, सगळ्यांना एकाच भावात मोजणारी. वरवर पाहिली तर ती दुसऱ्या जातीतच जायला हवी. माझं मत तसं नाही. त्या पालुपदात मोडलेल्या आशेचा संताप ऐकू येतो, आणि आशा धरलेल्यालाच असा संताप येतो. अर्थात इथे वाचक माझ्याशी वाद घालू शकतो, घालावाच.

फरक एवढा ताणून धरायचं कारण साहित्यापुरतं नाही. 'सगळे सारखेच' हे वाक्य सर्वांत सोयीचं असतं ते सर्वांत वाईट माणसाला. त्याची फाईल इतरांच्या ढिगात मिसळून जाते. धर्माच्या नावाने लुबाडणाऱ्यालाही तेच हवं असतं: एक तर आंधळेपणाने माना, नाहीतर कंटाळून पाठ फिरवा, हिशोब मात्र मागू नका.

नव्या कवींना म्हणून मी एकच सुचवतो. कवितेतला 'सगळे' हा शब्द खोडा आणि त्या जागी कोण, कुठे, किती ते लिहा. नाव लिहायची भीती वाटली तर ती भीतीच लिहा. हे काही सुचलंच नाही, तर ती कविता या गणपतीला वाचू नका. पुढच्या वर्षीही मंडप याच चौकात पडणार आहे.