थंड प्रदेशात गांजाचं रोप आधी घरात का वाढवतात?

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडात गांजा कायदेशीर झाला आणि दर घराला (माणशी नव्हे) चार झाडं लावायची मुभा मिळाली. क्युबेक प्रांतानं ती नाकारली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी वैध ठरवली. जिथे परवानगी आहे तिथे लोक एप्रिलमध्ये खिडकीशी किंवा दिव्याखाली बी रुजवतात आणि व्हिक्टोरिया डे, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, उलटल्यावर रोपं अंगणात नेतात. ऑन्टारियोतली मराठी घरं मिरची-वांग्याची रोपं अशीच सांभाळतात. व्हिक्टोरिया डेच्या आधी दंव गोठून एका रात्रीत सगळं करपू शकतं.

ही रीत गांजासोबत आलेली नाही. रोमन बादशहा तिबेरियसला रोज काकडी लागे, म्हणून माळी चाकांवरचे वाफे उन्हात ओढून आणत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पत्र्यांखाली झाकत, असं रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे भाजीवाले घोड्यांच्या ताज्या लिदीच्या उबेवर, काचेच्या घंटांखाली रोपं तयार करत. पुढे विजेचे दिवे आल्यावर हे काम तळघरातही होऊ लागलं.

नवल असं की थंड देशांत हे झाड शतकानुशतकं घेतलं जात होतं, पण त्याची रोपवाटिका कोणी करत नसे. रशियात किंवा सतराव्या शतकातल्या फ्रेंच कॅनडात ते दोरखंड आणि शिडांसाठी पिके, दाट आणि थेट शेतात पेरलेलं. धाग्यासाठी लांब सरळ काठी पुरते, फुलं पूर्ण पिकायची गरज नसते. गांजासाठी मात्र मादी झाडाचा फुलोराच हवा. तो घेणारी जुनी शेती मुख्यतः उष्ण प्रदेशातली. बंगालच्या नौगाव भागात (आता बांगलादेशात) ऑगस्टमध्ये उंचवट्यावरच्या वाफ्यात बी टाकत आणि सप्टेंबरात रोपं शेतात लावत, अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांनी १८९३ मध्ये केली. आपल्याकडे भाताचा तरवा टाकतात तसंच हे, फक्त इथे चुकवायचा होता तो शेतात साचणारा पाऊस. आज भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांविषयीच्या) कायद्यानुसार गांजाचं एकही झाड विनापरवाना लावणं गुन्हा आहे.

या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा माणूस म्हणजे ज्युलियन तुर्न्वा. १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये त्यानं हिवाळ्यात काचघरात भांगेचं, म्हणजे याच झाडाचं, बी पेरलं, तर झाडं अगदी लहान असतानाच फुलू लागली. कारण शोधता शोधता तो योग्य जागी पोचला: दिवस लहान, रात्र मोठी. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हाच नियम सिद्ध केला आणि श्रेय बहुतांशी त्यांच्या नावावर जमा झालं. तुर्न्वाचं नाव अधिक घेतलं जायला हवं, कारण खिडकीतल्या कुंडीचं सगळं गणित त्याच्या प्रयोगात आहे. घरात दिवे सोळा-अठरा तास चालू ठेवतात ते झाड अवेळी फुलू नये म्हणून. फार लवकर, दिवस अजून लहान असताना बाहेर काढलेलं रोप फुलायला लागतं आणि मग पुन्हा पानांवर येताना आठवडे वाया घालवतं.

इथेच एक मोठा गैरसमज आहे. बी घरात लवकर रुजवलं म्हणजे पीक लवकर हाती येईल, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. झाड मोठं होतं, आणि चारच झाडांची मर्यादा असताना तेही कमी नाही. पण फुलोरा यायचा तेव्हाच येतो, ऑगस्टमध्ये रात्री वाढू लागल्यावर. कॅनडातल्या एडमंटनमध्ये २१ जूनचा दिवस सतरा तासांचा असतो, म्हणजे तिथे ही वेळ आणखी उशिरा येते. त्यानंतर फुलं पिकायला सात-आठ आठवडे आणि तोवर सप्टेंबरातलं दंव दारात. वसंतातलं दंव घरातल्या रोपानं चुकवता येतं, शरदातलं नाही.

शरदाचं उत्तर वाणातून आलं. १९२४ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी व्होल्गाच्या परिसरातली बुटकी, रानटी भांग 'रुडेरॅलिस' या नावानं नोंदवली. ही दिवसाच्या लांबीची वाट पाहत नाही, वय झालं की फुलते. तिच्या संकरातून आलेले वाण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बाजारात रुळले आणि ते साधारण तीन महिन्यांत आटोपतात. त्यांच्या बाबतीत मात्र घरातली तयारी उलट अंगाशी येऊ शकते: घड्याळ बी रुजल्यापासून चालू असतं, त्यामुळे अरुंद कुंडीत अडकलेले किंवा मुळं दुखावल्यानं गेलेले दिवस भरून निघत नाहीत. म्हणून हे बी बरेच जण जून उजाडल्यावर सरळ शेवटच्या, मोठ्या कुंडीतच टाकतात.