दशावतारी वेशभूषा

दक्षिण कोकणातील, मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील व लगतच्या गोव्यातील दशावतारी खेळात (मालवणीत ‘धयकालो’) पात्रांनी करावयाचा साज. खेळाचे आडदशावतार (सुरुवातीचा पूर्वरंग) आणि आख्यान (मुख्य कथा) असे दोन भाग असतात. आख्यान पौराणिक असले तरी त्याचा ओघ बहुधा अपमान, वरप्राप्ती, राज्यहरण व सूड असाच असतो. संवाद लिहिलेले नसल्याने कोणाची सत्ता आहे आणि कोणाची गेली, हे पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच वेशावरून कळावे लागते.

या साजाचे मूळ वादग्रस्त आहे. राजापूर तालुक्यातील आडिवरे येथील श्यामजी नाईक काळे यांनी 1728 च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून आणला, अशी परंपरा आहे. दुसरी परंपरा हेच श्रेय गोरे नावाच्या गृहस्थांना देते. किरीट व भुजकीर्ती (खांद्यावरचे दागिने) यांचे यक्षगान या कर्नाटकी लोकनाट्याशी असलेले साम्य कर्नाटकाच्या बाजूने पडते. मात्र सतराव्या शतकातील *दासबोधा*त दशावतारी खेळात सुंदर स्त्रिया होऊन येणाऱ्या पुरुषांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा 1728 हे साल खरे मानले, तरी ते एखाद्या मेळाच्या (नटसंचाच्या) आगमनाचे असावे. स्त्रीवेशाची प्रथा महाराष्ट्रात त्याआधीच रुळलेली होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आडदशावतारातील गणपती लाकडी मुखवटा लावून येतो. संकासुराचा (शंखासुराचा) वेश नखशिखान्त काळा. वेद चोरणारा हा दैत्य मालवणीत बोलतो, भटजीची टर उडवतो, समोर बसलेल्या मानकऱ्यांनाही सोडत नाही आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. *पद्मपुराणा*त शंख दैत्याची कथा आहे, *भागवता*त मात्र वेद चोरणारा हयग्रीव आहे. रत्नागिरी-रायगडच्या शिमग्यातही काळा झगा, उंच निमुळती टोपी आणि कमरेला घुंगूर असा संकासुर येतो. तिथे त्याला नवस बोलतात. त्यामुळे हा मुळात स्थानिक लोकदैवत असून पुराणाने त्याला दैत्य ठरवले, असे काही अभ्यासक मानतात. काळ्या वेशातल्या पात्राला मिळणारी बोलण्याची मोकळीक पाहता हे मत सहज बाजूला सारता येत नाही.

आख्यानात राजपार्टाला (राजाच्या भूमिकेला) मुकुट, जरीचा मखमली अंगरखा, शेला व कमरपट्टा. राक्षसपार्टाला भडक रंगभूषा, जाड भुवया व मिशा. नेपथ्य म्हणजे एक पडदा व एक बाकडे. या बाकड्यावर राजा बसला की ते सिंहासन. राज्य गेलेला राजा मुकुटाविना, साध्या धोतरात येतो आणि त्याच बाकड्यावर दैत्य पाय रोवून बसतो. सूड पुरा झाल्याची खूणही शब्दांआधी बाकड्यावरच दिसते.

स्त्रीपार्ट परंपरेने पुरुषच करतात. लुगडे, दागिने व खोपा यांचा तपशील सर्वपरिचित आहे. सूड उगवणाऱ्या नायिकेचा पदर काही वेळा खोचलेला दिसतो.

रंगभूषा नट स्वतःच आरशासमोर करतो. पूर्वी सफेदा (पांढरा), पिवडी (पिवळा), हिंगूळ (लाल) हे रंग व काजळ वापरीत; नंतर तयार रंग आले. विजेच्या दिव्यांबरोबर चमकीचे कापड वाढले. अलीकडच्या ‘ट्रिकसीन’युक्त (चमत्कृतीची दृश्ये असलेल्या) प्रयोगांत दैत्याचा दरारा वेशापेक्षा धूर व प्रकाशावर अधिक अवलंबून असतो, जत्रेतील देवळापुढच्या प्रयोगात मात्र जुना साज बराचसा टिकून आहे.