रंगात मिसळणं आणि आकार मोडणं: चितळाच्या डोळ्यापुढे काय टिकतं?

गेल्या उन्हाळ्यात भाचा साताऱ्याहून आला तो नवाकोरा शर्ट घालूनच. हिरवा-तपकिरी, अंगभर पानं, काटक्या, झाडाच्या सालीचे पापुद्रे छापलेले. म्हणाला, "मामा, सागरेश्वरच्या अभयारण्यात हाच घालणार. चितळाला आपण दिसायचोच नाही." शर्ट हातात घेऊन पाहिला. छपाई इतकी बारीक की पानांच्या शिरा मोजता याव्यात. पण ती पानं ओकची होती. आमच्या कडेगाव-पलूसच्या डोंगरात मे महिन्यात झाडं निम्मी उघडी पडलेली असतात आणि गवत काडासारखं पिवळं झालेलं असतं.

त्याची समजूत अगदीच खोटी नव्हती. तिच्यात दोन गोष्टींची सरमिसळ मात्र होती, आणि ती बहुतेक सगळ्यांचीच होते. लपायच्या कपड्यात दोन वेगळ्या युक्त्या असतात. एक, आपला रंग आजूबाजूच्या रंगासारखा करायचा. दुसरी, फिकट आणि गडद पट्टे असे टाकायचे की डोकं, खांदे, हात ही माणसाची बाह्यरेषाच तुटावी. दोन्हींना आपण सरसकट 'कॅमोफ्लाज' म्हणतो. हरणापुढे मात्र पहिलीचं बरंचसं काम आपोआपच झालेलं असतं, आणि सगळी मेहनत दुसरीवर करावी लागते.

आधी रंगाचं बघू. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण आणि युरोपातलं फॅलो हरीण यांच्या डोळ्यांची मोजमापं १९९४ साली प्रसिद्ध झाली. एक पेशी निळ्या प्रकाशाला, साधारण ४५० ते ४६० नॅनोमीटरला, जास्त प्रतिसाद देते आणि दुसरी हिरव्या प्रकाशाला, ५४० नॅनोमीटरच्या आसपास. तांबडा वेगळा ओळखणारी तिसरी पेशी नाहीच. चितळ आणि सांबर त्याच कुळातले. त्यामुळे हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा हे आपल्याला चार रंग वाटतात, पण हरणाच्या लेखी ती एकाच रंगाची कमी-जास्त उजळ रूपं असतात.

म्हणूनच अमेरिकेत अनेक राज्यांत शिकाऱ्याला भडक नारिंगी जाकीट घालायची सक्ती आहे. दुसऱ्या शिकाऱ्याला ते लांबून दिसतं आणि गोळी चुकून माणसाला लागत नाही. हरणाला मात्र ते झाडोऱ्यापेक्षा फारसं वेगळं दिसत नाही. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. मी बोलतोय ते कॅमेरा घेऊन किंवा पाणवठ्यावरच्या मोजणीला बसणाऱ्यांसाठी.)

वाघाचं कोडंही इथेच सुटतं. एवढा नारिंगी प्राणी हिरव्या रानात लपतो कसा? सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवं रंगद्रव्य तयारच होत नाही, आणि वाघाला त्याची गरजही नाही, कारण चितळाला तो नारिंगी गवताच्या रंगात विरलेला दिसतो. अंगावरचे काळे पट्टे दुसरं काम करतात, ते त्याचा आकार मोडतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या फलकावर वाघाचं चित्र बघताना मला आता हे दोन्ही वेगवेगळे दिसतात. रंग एका कामाचा, पट्टे दुसऱ्या कामाचे.

मग रंगाची काळजी करायचीच नाही का? एका रंगाची करायची, निळ्याची. तो हरणाला फार स्पष्ट दिसतो, म्हणून जीन्स घरी ठेवा. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून डिटर्जंटमध्ये जी द्रव्यं घालतात, ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. आपल्या डोळ्याचं भिंग अतिनील किरण अडवतं, हरणाचं त्यातले काही आत सोडतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे चितळं पाण्यावर येतात नेमक्या त्या वेळी, उजेडात निळा आणि अतिनील भाग जास्त असतो. त्यामुळे असल्या पावडरीत धुतलेला हजार रुपयांचा पानांचा शर्ट साध्या खाकी शर्टापेक्षा जास्त उठून दिसू शकतो. भाच्याचा शर्ट आईने रिठ्याच्या पाण्यातून दोनदा काढला, पण पावडर एकदा धाग्यात बसली की सहजी निघत नाही.

आता आकार. हरणाची नजर आपल्याइतकी तीक्ष्ण नसते. चष्म्याच्या भाषेत सांगायचं तर ६/१८ च्या आसपास. जे आपल्याला साठ फुटांवरून स्वच्छ दिसतं, ते पाहायला हरणाला वीस फुटांवर यावं लागेल. मॉसी ओक आणि रिअलट्री या दोन्ही अमेरिकन छपाया १९८६ मध्ये आल्या. हुबेहूब पानं आणि साल हे त्यांचं आकर्षण, पण ते खरेदी करणाऱ्या माणसाच्या डोळ्यासाठी. चाळीस पावलांवरून हरणाच्या डोळ्यात त्या बारीक शिरा एकमेकींत मिसळतात आणि उरतो एक गडद गोळा, वर डोकं आणि दोन खांदे. आकार मोडायला मोठे ठसे लागतात, फिकट आणि गडद यांत ठळक फरक असलेले. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पाठीमागे झाडाचं खोड आणि अंगावर सावली. आमच्या बाजूच्या माळावर धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन बसतो, तेव्हा त्या काळ्या लोकरीवर एकही पान नसतं, पण खांदे नाहीसे होतात आणि लांबून दगडच वाटतो. माझ्या मते भाच्याच्या शर्टापेक्षा ती घोंगडी सरस.

सागरेश्वरला गेलो तेव्हा मी जुन्या खाकीत धावड्याच्या बुंध्याला टेकून बसलो. भाचा चार हातांवर उघड्यावर उकिडवा, पाठीमागे नुसतं आभाळ. वारा समोरून येत होता, म्हणजे आमचा वास चितळांकडे जात नव्हता. एक मादी पाण्याकडे येता येता थांबली. कान आमच्याकडे, पुढचा एक पाय उचललेला. तो पाय तिने जमिनीवर आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. काहीतरी आहे हे तिला कळलं होतं, काय आहे हे कळलं नव्हतं. ती ज्याच्याकडे बघत होती, तो पानांचा शर्ट. तेवढ्यात भाच्याने कपाळावरचा घाम पुसायला हात उचलला. शेपटीची पांढरी बाजू वर झाली, एक तीक्ष्ण हाक आली आणि कळप गेला.

त्या हाताला दोन्ही युक्त्यांचा उपयोग नव्हता. हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, बाहुली आडवी असते, आणि जवळजवळ ३०० अंशांचा परिसर मान न वळवता दिसतो. त्यात हललेलं काहीही लगेच टिपलं जातं. वासाचं तर वेगळं सांगायला नको. वारा फिरला की कपडा कुठलाही असो.

माळावरच्या काळविटासाठी हे थोडं वेगळं आहे. काळवीट मुळात चितळाच्या कुळातलं नाही, गाय-शेळीच्या कुळातलं आहे, आणि त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. 'हरीण' म्हणताना आपण दोघांना एकाच टोपलीत घालतो. उघड्या माळावर टेकायला खोड नसतं, सावली नसते. तिथे आडवं पडून राहणं किंवा गाडीतच बसणं बरं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने माझा जुना खाकी शर्ट मागून घेतला आणि बुंध्याला टेकून बसला. तासभर हात मांडीवरून हलवला नाही. तीच किंवा तसलीच एक मादी आली, कान फिरवले, मग मान खाली घालून पाणी प्यायली. नाकावरचे थेंब दिसत होते, इतकी जवळ.