'प्रोग्रॅम उडाला' म्हणण्याआधी

मशीन थांबलं की शॉपफ्लोअरवर पहिलं वाक्य ठरलेलं: "पीएलसीचा प्रोग्रॅम उडाला असणार, लॅपटॉपवाल्याला बोलवा." (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक.) हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि त्यापायी तासन्‌तास उत्पादन बंद राहतं.

काल चाललेला प्रोग्रॅम आज आपोआप बदलत नाही. जुन्या, बॅटरीवर मेमरी टिकवणाऱ्या मॉडेलमध्ये बॅटरी संपलेली असताना वीज गेली, तर तो खरंच पुसला जातो. म्हणून त्यांचा बॅटरीचा दिवा दुर्लक्षू नका, आणि बॅटरी बदलण्याआधी मॅन्युअल वाचा, कारण अनेक ठिकाणी ती सप्लाय चालू ठेवूनच बदलायची असते. पण नव्या पीएलसीत प्रोग्रॅम बहुधा फ्लॅश मेमरीत असतो.

बिघाड बहुतेक वेळा बाहेर असतो. मी स्वतः एका प्रेसवर अर्धी पाळी प्रोग्रॅम तपासत बसलो होतो. शेवटी सेन्सरपुढे लोखंड धरलं. सेन्सरचा दिवा लागला, पण पीएलसीच्या इनपुट कार्डावरचा, म्हणजे सेन्सरचा सिग्नल जिथे पोचतो तिथला, लागला नाही. केबल चेनमध्ये (हलत्या वायरी धरणाऱ्या साखळीत) वायर आतून तुटली होती, वरचं आवरण मात्र शाबूत!

तेव्हापासून मी आधी २४ व्होल्ट मोजतो, तेही लोडवर, म्हणजे सगळं जोडून चालू असताना. हे २४ व्होल्ट देणाऱ्या एसएमपीएसमधले (पॉवर सप्लायमधले) कपॅसिटर सुकले की व्होल्टेज लोडवर खाली बसतं आणि सेन्सर मधूनच दगा देतात. मग सेन्सर, टर्मिनल, इनपुटचा दिवा, आउटपुटचा रिले. लॅपटॉप त्यानंतर.

नव्या पोरांना हा क्रम पहिल्याच आठवड्यात शिकवा.