तिसऱ्या उडीला नाक का मोडतं?

शिकाऊ विमान उतरताना आपटलं, अशी बातमी आली की खाली ठरलेलं वाक्य असतं: ‘तांत्रिक बिघाडाचा अंदाज’. धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूर, जळगाव इथे वैमानिक घडवले जातात, त्यामुळे खान्देशात अशा बातमीची चर्चा पारापर्यंत पोचते. कुणी इंजिनाला दोष देतो, कुणी अमावस्या होती का ते बघतो. अमावस्येला हवा विरळ होत नाही. मे महिन्यातल्या दुपारी होते, पण ते पुढे.

आधी चाकं बघा. सेस्ना १७२ सारख्या विमानाला तीन चाकं. पंखांखालची दोन दणकट, गुरुत्वमध्याच्या जरा मागे. नाकाखालचं तिसरं पुढे आणि त्यामानाने नाजूक. दणकट चाकं आधी टेकली की जमिनीचा धक्का गुरुत्वमध्याच्या मागे बसतो. नाक आपसूक झुकतं, पंखाचा हवेशी असलेला कोन कमी होतो, उचल घटते, विमान बसतं. नाकाचं चाक आधी टेकलं तर सगळं उलट: नाक वर, कोन जास्त, उचल जास्त, विमान पुन्हा हवेत!

मुळात नाक आधी टेकतंच का? बहुतेकदा जास्तीच्या वेगामुळे. ६० नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ६६ नॉटने आलात तर वेग १० टक्के जास्त, गतिज ऊर्जा मात्र २१ टक्के. त्यात जमिनीलगत पंखाच्या टोकांशी होणारे भोवरे दबतात. या पंखांची लांबी ११ मीटर. तिच्या दहाव्या हिश्शाइतक्या उंचीवर उचलीपायी होणारा विरोध जवळपास निम्म्यावर येतो. विमान तरंगत राहतं, धावपट्टी संपत चालल्याचं दिसतं आणि शिकाऊ हात नाक खाली-वर करणारा दांडा पुढे ढकलतो.

पहिली उडी. घाबरून तो पुन्हा ढकलतो. पण दिसणं, ठरवणं, ढकलणं आणि विमानाने ते मानणं, यात सेकंदभर जातो. तोवर विमान स्वतःच खाली निघालेलं असतं. आखाजीच्या झोक्याला टोकाहून परत फिरताना नेमका धक्का दिला की तो दरवेळी उंच जातो ना, तेच इथे होतं. आवरायला लावलेलं बळ हालचालीच्याच दिशेने लागतं आणि प्रत्येक उडीत भर घालतं. विमान आणि वैमानिक मिळून एक दोलक बनतो. हालचाल आणि तिला दिलेलं उत्तर यांतल्या या उशिरालाच कला-अंतर म्हणतात. दुसरी उडी मोठी, तिसरी त्याहून मोठी. मग नाकाचा खांब मोडतो आणि फिरता पंखा डांबराला लागतो. त्यानंतर इंजिन बाहेरून धडधाकट दिसलं तरी उघडून तपासावं लागतं, कारण झटका आतल्या क्रँकशाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दंडाला, बसलेला असतो.

आता उन्हाळा. १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ. वेगमापकाचा काटा तोच आकडा दाखवतो, जमिनीवरचा खरा वेग मात्र सुमारे ५ टक्के जास्त असतो. नांगरलेल्या काळ्या रानावरून उठणारे गरम झोत वेगळेच.

यावर उपाय म्हणजे झगडणं सोडणं. दांडा ढकलायचा नाही. इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, नाक बेताचं धरायचं आणि पुन्हा फेरी मारायची. फ्लॅप, म्हणजे उचल वाढवायला पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकवलेले पट्टे, एकदम मिटायचे नाहीत, टप्प्याटप्प्याने मिटायचे. एका झटक्यात मिटले तर हाताशी असलेली उचलही जाते, आणि दुपारी दोनच्या जळगावच्या हवेत ती परत मिळवायला इंजिनही कमी पडतं.